गोव्यातील फुटबॉल लीग : रचना आणि वाटचाल

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या सुमारे १४ लाख ५८ हजार, म्हणजे त्या वेळच्या पुणे महापालिका हद्दीतील लोकसंख्येच्या निम्म्याहूनही कमी. तरीही या चिमुकल्या राज्यातील क्लबांनी देशाचे विजेतेपद अनेकदा पटकावले. त्यामागे गावपातळीपासून उभी राहिलेली लीगची रचना आहे. शनिवार पेठेत जसे गल्लीगल्लीचे गणेश मंडळ, तसा गोव्यात गावोगावचा फुटबॉल क्लब.

चार पायऱ्या

गोव्यातील स्पर्धांचे नियमन गोवा फुटबॉल असोसिएशन करते. ही संघटना पोर्तुगीज राजवटीत, १९५९ मध्ये स्थापन झाली. तिच्या लीगची सर्वोच्च पायरी म्हणजे १९९८ मध्ये सुरू झालेली प्रोफेशनल लीग. त्यापूर्वी हे स्थान प्रथम विभागाला होते. प्रोफेशनल लीगखाली आता अनुक्रमे प्रथम, द्वितीय आणि तृतीय विभाग येतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. गुणतक्त्यात वर असलेल्या संघांना बढती मिळते, तळाचे संघ एक पायरी खाली उतरतात. म्हणजे तृतीय विभागातील एखादा गावचा संघही खेळाच्या बळावर काही वर्षांत धेंपो किंवा साळगावकरसमोर उभा राहू शकतो. कुमार खेळाडूंसाठी वयोगटानुसार वेगळ्या स्पर्धा होतात.

राष्ट्रीय वर्चस्व

१९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. साळगावकरने ती १९९८-९९ मध्ये, तर धेंपोने २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये जिंकली. २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली. आय-लीगची पहिली सहाही विजेतीपदे गोव्यातच गेली : धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा आणि साळगावकर एकदा. त्यांपैकी २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सपाठोपाठ उपविजेता ठरला तो पुणे एफसी.

वरची पायरी बंद

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग अवतरली. तिच्यात प्रवेश गुणांवर नव्हे, तर संघाचे हक्क विकत घेऊन मिळत होता. पदावनतीही नव्हती. पुढे आय-लीगला दुय्यम स्थान देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो यांनी आय-लीगमधून माघार घेतली. जिंकूनही वर जाता येणार नसेल, तर संघावर खर्च कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. राज्याच्या लीगमध्ये मात्र ते खेळत राहिले.

आय-लीग विजेत्याला बढती देण्याची तरतूद २०२२-२३ च्या हंगामापासून झाली आणि २०२३ मध्ये पंजाबचा संघ त्या वाटेने प्रथम वर गेला. आय-लीग २ मध्ये उपविजेता ठरून धेंपो २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतला.

पुण्याची कथा याच्या उलट आहे. पुणे एफसी २०१५ मध्ये बंद पडला; सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीचे स्थान २०१९ मध्ये हैदराबादकडे गेले. मोठे संघ मागे हटले तरी गोव्यात खेळ थांबला नाही, कारण खालच्या पायऱ्या शाबूत होत्या. लीगची खरी ताकद शिखरावरच्या संघात नसून तळाच्या पायरीत असते, हेच गोव्याच्या अनुभवाचे सार होय.