बसलेल्या आवाजाचे कूळ

गिटारच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरचा आवाज बसला की पहिला संशय काचेच्या नळ्यांवर जातो. त्या काढायच्या, नव्या घालायच्या. फरक पडला नाही तर दुसऱ्या आणायच्या. ही सवय गिटारवाल्यांनी लावून घेतलेली नाही. ती रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आली आणि येताना अर्धीच आली. त्या दुकानातली शोधाची शिस्त मागे राहिली, आणि आवाज कमी होण्याचा दोष पकडायला नेमकी तीच लागते.

या यंत्राचे मूळ संगीतात नाही. फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला. ली डी फॉरेस्टने १९०६ च्या सुमारास त्यात तिसरे टोक घातले. क्षीण विद्युतलहर मोठी करण्याचा त्याचा गुण पुढे टेलिफोनवाल्यांनी हेरला आणि १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को बोलणे शक्य झाले. लांबच्या तारेत आवाज किती गळतो हे मोजण्यासाठी त्याच मंडळींनी १९२० च्या दशकात डेसिबल हे माप रूढ केले. म्हणजे ‘आवाज कमी झाला’ या तक्रारीला आकडा मिळाला तो टेलिफोनमुळे. मग व्हॉल्व्ह रेडिओत गेला आणि रेडिओतून गिटारकडे आला. लिओ फेंडरने १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले होते. त्याचे अँप्लिफायर त्यानंतरचे. लंडनमध्ये १९६२ मध्ये तयार झालेला मार्शलचा पहिला अँप्लिफायर फेंडरच्या बासमनवरूनच बेतलेला होता.

बेळगावच्या सीमाभागातही व्हॉल्व्ह आधी रेडिओतूनच ओळखीचा झाला. १९५० मध्ये धारवाडचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, १९६३ मध्ये सांगलीचे. गोव्यातील पोर्तुगीज राजवटीविरुद्ध १९५५ ते १९६१ या काळात भूमिगत नभोवाणी चालली, तीही आंबोली आणि कॅसलरॉकच्या रानातून. पुढे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनू लागले. त्या काळच्या रेडिओ मेकॅनिकपुढे गिटारचा अँप्लिफायर ठेवला असता, तर त्याला त्यात अनोळखी असे फारसे काही सापडले नसते. स्टेशन पकडणारा भाग वगळला, की उरतो तो रेडिओचाच मागचा अर्धा भाग: आवाज वाढवणारे टप्पे, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर.

जी शिस्त मागे राहिली, तिला अमेरिकेतील जॉन रायडर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस नीट रूप दिले. सुटे भाग एकामागून एक तपासत बसायचे नाही. ठरावीक ताकदीचा सिग्नल आत सोडायचा आणि तो टप्प्याटप्प्याने कुठवर नीट पोहोचतो ते मोजत जायचे. यंत्र मुके झाले तर प्रश्न ‘आहे की नाही’ एवढाच असतो. आवाज बसला तर प्रश्न ‘किती’ असा होतो. इथे प्रत्येक टप्पा आधीच्या सिग्नलला गुणत असतो. १२एएक्स७ या व्हॉल्व्हचा नेहमीचा टप्पा सिग्नल सुमारे ६० पट करतो. त्याच्या कॅथोडवरचा छोटा कपॅसिटर सुकला की तीच वाढ जवळपास ३० पटीवर येते. व्हॉल्व्ह नवा कोरा असला तरी आवाज उतरतो, आणि असे कितीही व्हॉल्व्ह बदलले तरी तो चढत नाही.

कानाचा हिशेब यात भर घालतो. वीजशक्ती निम्मी झाली तरी घट ३ डेसिबलच होते आणि कानाला ती जेमतेम जाणवते. आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटायला शक्ती सुमारे दहाव्या हिश्श्यावर यावी लागते. आउटपुटचे व्हॉल्व्ह थकल्याने एवढी पडझड सहसा होत नाही. त्यामुळे आवाज एकदम बसला असेल तर आधीचे टप्पे, त्यांचे कपॅसिटर आणि जॅक यांच्याकडे आधी वळावे. इफेक्ट्ससाठी सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असलेल्या यंत्रात तर रिटर्न जॅकच्या आतला संपर्क गंजणे हे फार नेहमीचे कारण आहे. बेळगावच्या पावसाळी हवेत ते पहिल्यांदा तपासावे. दोन्ही जॅक एका लहान केबलने जोडताच आवाज परतला, तर दोष सापडला आणि पेटी उघडावीही लागली नाही.

यावर कुणी म्हणेल, व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये बसवलेले असतात ते बदलता यावेत म्हणूनच. मग त्यांच्यापासून सुरुवात केली तर चुकले काय? मुद्दा रास्त आहे. व्हॉल्व्ह झिजतोच, आणि खात्रीचा एकच व्हॉल्व्ह घेऊन एकेका जागी लावून पाहिला तर तीही सिग्नल शोधण्याचीच एक पद्धत ठरते. सगळे एकदम बदलणे ही मात्र पद्धत नव्हे, कारण आवाज सुधारला तरी दोष कुठे होता ते कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रेडिओत आवाज स्वच्छ हवा असतो, गिटारला तर फाटलेला आवाजच प्रिय. मग रेडिओचे मोजमाप इथे कसे चालेल? पण आवाजाचा पोत ही वादकाची आवड आहे, सिग्नलची गळती ही यंत्राची अवस्था. फाटायला हवा तो आवाजही आधी पुरेसा वाढावा लागतो. सर्किटच्या नकाशावर कोणत्या टोकाला किती व्होल्ट हवेत ते लिहिलेले असते आणि ते वादकाच्या आवडीने बदलत नाही.

एक अट मात्र दोन्ही यंत्रांना सारखीच आहे. आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी खेळत असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर तो धरून ठेवतात. म्हणून जाणकाराखेरीज इतरांनी पेटी उघडू नये. केबल, जॅक आणि खात्रीचा एक व्हॉल्व्ह एवढी बाहेरून होणारी तपासणी वादकाने करावी. आतली मोजणी व्हॉल्व्हचे रेडिओ ज्याने दुरुस्त केले आहेत अशा मेकॅनिककडे द्यावी. गिटार वाजवणे हे त्याचे काम नसेल, पण या यंत्राचे कूळ तो वादकापेक्षा जास्त ओळखतो.