चित्रवाणीची तार आणि घराचा उंबरठा

प्रशासनात काम करणाऱ्याला एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत भेटत राहतो. शासनाचा अंमल नेमका कुठे थांबतो? गावाच्या वेशीवर, गल्लीच्या तोंडाशी, घराच्या उंबरठ्यावर, की थेट माजघरात? वीज आणि पाणी यांच्याबाबत उत्तर बरेचसे ठरलेले आहे. मीटरपर्यंत पुरवठा करणाऱ्याची जबाबदारी, मीटरच्या पुढे घरमालकाची. घरात येणाऱ्या चित्राच्या बाबतीत मात्र ही रेषा गेल्या पन्नास वर्षांत इतक्या वेळा सरकली आहे, की तिचा इतिहास एकदा सलग मांडून पाहावा असे मला वाटले.

निमित्त नंदिनी नगरचे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारा चुनखडीचा दगड ज्या नंदिनीच्या खाणीतून येतो, तिच्या आधाराने वाढलेली ही वस्ती. १९५६ पर्यंत हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता आणि त्याआधी भोसल्यांचा अंमलही या मुलुखाने पाहिलेला. त्यामुळे इथे मराठी घरे आहेत याचे नवल फक्त पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटते. माझे एक मावसभाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, निवृत्तीनंतर तिथेच घर बांधत होते. खाली अण्णा आणि वहिनी, वर मुलगा-सून, दोन्हीकडे स्वयंपाकघर वेगळे. त्यांनी विचारले, "बॉक्स एकच घ्यायचा आणि तीन खोल्यांत चित्र न्यायचे आहे. भिंतीत कोणत्या तारा घालू? आणि तू सरकारात आहेस, एवढे सांग, हे कायद्यात बसते ना?" प्रश्न साधा वाटला. उत्तर शोधताना मी बराच मागे गेलो.

मागे म्हणजे १ ऑगस्ट १९७५ पर्यंत. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने भारताने वर्षभरासाठी जो 'साइट' प्रयोग केला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी होती. मध्य प्रदेशातील खेडी याच छत्तीसगढ भागातली, रायपूरच्या आसपासची. जाळीच्या छत्रीने थेट उपग्रहाकडून संदेश घ्यायचा आणि गावकऱ्यांनी एका संचासमोर एकत्र बसायचे. म्हणजे ज्या प्रदेशातल्या असंख्य घरांत तेव्हा साधी वीजही नव्हती, त्याने दूरचित्रवाणी पाहिली ती थेट उपग्रहावरून! १९७७ मध्ये रायपूरला दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र आले. संच सरकारी, कार्यक्रम सरकारी, बसायची जागा सार्वजनिक. घरात किती खोल्या आहेत हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते.

संच घरात आला तेव्हा त्याच्याबरोबर परवाना आला. रेडिओप्रमाणे दूरचित्रवाणी संचासाठीही टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे, हे आज पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात ती पद्धत गेली. पण त्याच दशकात व्हिडिओ कॅसेट आली आणि शासनापुढे नवीच अडचण उभी राहिली. चित्रपटगृहावर नियंत्रण ठेवता येते, तिकिटावर करमणूक कर बसवता येतो. दिवाणखान्यात भाड्याचा व्हीसीआर लावून बसलेल्या कुटुंबाचे काय करायचे? ऑक्टोबर १९८४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात व्हिडिओ फिल्मचा स्पष्ट समावेश झाला, शिक्षा वाढल्या, आणि कॅसेटवर निर्मात्याचे नाव व सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत दाखवणे बंधनकारक झाले. रोख विक्रेत्यावर होता. घरात पाहणाऱ्याला कोणी हात लावला नाही.

योगायोग असा, की त्याच वर्षी, जानेवारी १९८४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बीटामॅक्स' खटल्याचा निकाल दिला. घरी नंतर पाहण्यासाठी कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करणे हा कायदेभंग नव्हे, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. एका मताने निसटता वाचलेला हा हक्क! आपल्याकडे मात्र चित्रपटाच्या खाजगी वापराला कायद्यात स्पष्ट जागा नव्हती. वाजवी वापराची सूट साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांना होती. त्या यादीत चित्रपट नव्हता.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. नव्वदच्या सुमारास एका घरच्या व्हीसीआरवरून शेजारच्या वीस घरांत तार जाऊ लागली, पुढे गच्चीवर छत्र्या आल्या. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात 'लोकांपर्यंत पोहोचवणे' या संज्ञेची नवी व्याख्या झाली. उपग्रह, केबल किंवा अन्य मार्गाने एकाहून अधिक कुटुंबांपर्यंत किंवा निवासांपर्यंत एकाच वेळी जे पोहोचवले जाईल, ते लोकांपर्यंत पोहोचवलेले समजावे. हॉटेलच्या आणि वसतिगृहाच्या खोल्याही त्यातच धराव्यात. इथे कायद्याने प्रथमच उंबरठा आखला. एका कुटुंबाच्या आत जे फिरेल ते खाजगी, उंबरठा ओलांडला की सार्वजनिक.

आता कुटुंब म्हणजे काय? हा प्रश्न ज्याने शिधापत्रिकांचे काम पाहिले आहे त्याने हसण्यावारी नेऊ नये. जनगणनेच्या व्याख्येत एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरातले जेवणारे ते एक कुटुंब. आपल्या गावाकडच्या भाषेत, चूल वेगळी तर घर वेगळे. मी उपविभागात असताना एका छपराखाली तीन शिधापत्रिका मागणारे भाऊ नित्य भेटत आणि चूल खरोखर वेगळी आहे का हे पाहायला तलाठ्याला पाठवावे लागे. जनगणनेचा हा निकष कॉपीराइट कायद्यात लिहिलेला नाही, हे खरे. पण तो लावायचे कोणी ठरवले, तर अण्णांच्या खालच्या मजल्यावरून वर जाणारी तार दोन कुटुंबांना जोडते आणि वडिलांनी मुलाला दाखवलेला सिनेमा 'लोकांपर्यंत' पोहोचतो! असा खटला कोणी भरणार नाही, हे मलाही कळते. परंतु कोणी भरणार नाही म्हणून शब्द सैल ठेवायचे, ही कायदा लिहिण्याची चांगली रीत नव्हे.

१९९५ चा केबल कायदा प्रशासनाच्या दृष्टीने मोठा. केबलचालकाने मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करावी (ही व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये बदलून नोंदणी थेट मंत्रालयाकडे ऑनलाइन गेली), आणि जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी व पोलीस आयुक्त हे प्राधिकृत अधिकारी. त्या अधिकाराने मीही केबलचालकांच्या फाइली हाताळल्या. दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवतात का, परवानगीवाचून चित्रपट लावतात का, एवढेच आम्ही पाहत असू. तार घरात शिरली की आमचे काम संपे. घरात लोक विजेच्या दुकानातून स्वस्तातला स्प्लिटर आणून एकाच तारेवर तीन संच चालवत. तीनही संचांवर वेगवेगळी वाहिनी पाहता येई. संपूर्ण घरात चित्र वाटण्याची इतकी सोपी व्यवस्था पुन्हा झाली नाही.

ती मोडली डिजिटायझेशनने. २०११ च्या दुरुस्तीने सांकेतिक, कुलूपबंद प्रक्षेपण सक्तीचे झाले. चार महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२, अडतीस शहरांत ३१ मार्च २०१३, भिलाईसारख्या उरलेल्या नागरी भागांत ३१ डिसेंबर २०१५, आणि बाकी देशात मुदतवाढ मिळत मार्च २०१७. हेतू योग्य होता. केबलचालक ग्राहकसंख्या लपवत आणि कर बुडे. परंतु परिणाम असा झाला, की प्रत्येक संचाला स्वतंत्र बॉक्स लागू लागला आणि भिंतीतला स्प्लिटर निरुपयोगी ठरला. शिवाय नियामकाच्या परिशिष्टात एक वाक्य आले: ज्या बॉक्समध्ये मुद्रणाची सोय असेल, त्यात प्रत रोखणारी यंत्रणा असलीच पाहिजे. ते दूरसंचार नियामकाच्या तांत्रिक अटींत, चॅनेलवाले आणि वितरक यांच्यातील व्यवहाराच्या नियमांत बसले होते. घरमालक त्या व्यवहारात पक्षकारच नव्हता.

परदेशातील वाचकांना याच गोष्टीचा दुसरा चेहरा ठाऊक असेल. ज्यांनी तिकडे घर बांधताना भिंतीत तीन रंगी पिनांच्या कॉम्पोनंट केबल घातल्या, त्यांना पुढे कळले की ब्लू-रेच्या कुलूपव्यवस्थेच्या परवान्यानुसार २०१० नंतर बनणाऱ्या यंत्रांतून त्या तारांवर उच्च प्रतीचे चित्र मिळणार नाही, आणि २०१३ नंतरच्या यंत्रांत ती वाटच बंद. मग एचडीएमआय घातली, तर तिच्यावर एचडीसीपीचे कुलूप. त्याची २०१३ ची आवृत्ती आली तेव्हा नव्या संचाचे आणि मधल्या जुन्या स्प्लिटरचे जुळेना. यातला एकही नियम संसदेने किंवा काँग्रेसने केलेला नाही. खाजगी परवान्यांच्या करारांनी केला. तार धडधाकट, यंत्र नवे, पैसे मोजलेले, आणि पडदा काळा.

अण्णांना मी जे सांगितले ते या इतिहासातूनच निघाले. कोणती तार घालायची हे विचारूच नका, पाइप घाला. खालच्या एका कोपऱ्यातून प्रत्येक खोलीपर्यंत रुंद पीव्हीसी पाइप, वळणे कमी, आत एक बारीक तार ओढून ठेवलेली, म्हणजे पुढे तिला बांधून हवी ती केबल ओढता येते. आज त्यातून लॅनची केबल जाऊ दे, कारण चित्र आता बहुतेक इंटरनेटवरूनच येते. भिंत चाळीस वर्षे टिकते, कुलपाचा नियम पाच-सहा वर्षे. वरच्या मजल्याची जोडणी मुलाच्या नावाने वेगळी घ्या. २०२० मध्ये नियामकाने एकाच व्यक्तीच्या नावावरील दुसऱ्या व पुढील जोडण्यांना मूळ शुल्काच्या ४० टक्क्यांची मर्यादा घातली होती, पण जुलै २०२४ मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादाच निघाली. तेव्हा त्या सवलतीवर घराचा आराखडा बेतू नये. अण्णांना हे पटले, सुनेला अधिक पटले. कारण ठरावीक वेळी कोणती वाहिनी लागणार याचा निर्णय आता खालच्या मजल्यावर होणार नव्हता.

कायद्यात बसते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र लांबले. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या कॉपीराइट दुरुस्तीत दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. वाजवी वापराची सूट प्रथमच चित्रपटासह सर्व कृतींना मिळाली, आणि तिच्यात खाजगी वापर नाव घेऊन लिहिला गेला. जो हक्क अमेरिकेने १९८४ मध्ये न्यायालयाकडून मिळवला, तो आपण अठ्ठावीस वर्षांनी संसदेकडून मिळवला. आणि त्याच दुरुस्तीने कलम ६५अ आणले: हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड. 'हेतूने' हा शब्द आपल्या संसदेचे श्रेय. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणे हाच मुळात दोष ठरतो, हेतू कोणताही असो. आपल्याकडे स्वतःची तबकडी स्वतःच्या तीन खोल्यांत पाहण्यासाठी कुलूप उघडले, तर ते या कलमाखाली बसत नाही.

पण सर्वसामान्य माणसाला कुलूप उघडता येत नाही. तो कोणाला तरी बोलावतो. त्या मदतनिसासाठी कलमात परंतुक आहे. ज्याला मदत केली त्याचे नाव, पत्ता, ओळख पटण्यास आवश्यक तो तपशील आणि मदतीचा उद्देश यांची संपूर्ण नोंद त्याने ठेवावी. ती कोणत्या नमुन्यात, किती वर्षे आणि कोणाच्या तपासणीसाठी, यावर कलम गप्प आहे. शासकीय सेवेत मी असंख्य नोंदवह्या पाहिल्या, काही विनाकारण ठेवलेल्या, काही कारण असून न ठेवलेल्या. गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात ही नोंदवही मी अनेकदा मागून पाहिली आहे. दुकानदार दर वेळी आदराने जीएसटीची वही पुढे करतो.