करोना आणि वय : साठीची रेषा आणि त्यामागचे गणित

करोना विषाणूचा संसर्ग कोणत्याही वयाच्या व्यक्तीला होऊ शकतो. आजाराची तीव्रता मात्र वयानुसार बदलते. मधुमेह, उच्च रक्तदाब, स्थूलता, मूत्रपिंडाचे विकार ही जोखीम वाढविणारी कारणे खरी. परंतु यांपैकी कोणतेही एक कारण वयाइतके प्रभावी नाही. २०१९च्या अखेरीस चीनमधील वुहान शहरात हा आजार प्रथम आढळला. तेव्हापासून निरनिराळ्या देशांतून आलेल्या आकडेवारीत हे सूत्र कायम राहिले आहे. या सूत्राचा वैद्यकीय अर्थ आणि जनमानसात रुजलेला अर्थ यांत मात्र बरेच अंतर आहे. साठीच्या आतील माणसाला भय नाही आणि ऐंशीपुढच्याला आशा नाही, असा समज साथीच्या काळात घराघरांत पसरला होता. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत आणि दोन्हींची किंमत अनेक कुटुंबांना मोजावी लागली.

आकडे काय सांगतात?

वयाचा प्रभाव दाखविणारी पहिली मोठी आकडेवारी फेब्रुवारी २०२०मध्ये चीनच्या रोग नियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केली. निदान निश्चित झालेल्या ४४,६७२ रुग्णांमध्ये मृत्यूचे एकंदर प्रमाण २.३ टक्के होते. चाळिशीत ते ०.४ टक्के, पन्नाशीत १.३ टक्के, साठीत ३.६ टक्के, सत्तरीत ८ टक्के आणि ऐंशीपुढे १४.८ टक्के होते.

हे प्रमाण केवळ निदान झालेल्या रुग्णांमधील होते. सौम्य आजार झालेले किंवा लक्षणेच न दिसलेले असंख्य लोक मोजणीत येत नव्हते. पुढे रक्तातील प्रतिपिंडांच्या पाहण्यांवरून प्रत्यक्षात किती जणांना संसर्ग झाला याचा अंदाज घेता आला. अशा अनेक पाहण्यांचा एकत्रित अभ्यास २०२०च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यानुसार, लस उपलब्ध होण्यापूर्वी संसर्ग झालेल्यांपैकी मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण २५व्या वर्षी सुमारे ०.०१ टक्के, ५५व्या वर्षी ०.४ टक्के, ६५व्या वर्षी १.४ टक्के, ७५व्या वर्षी ४.६ टक्के आणि ८५व्या वर्षी १५ टक्के होते.

या आकड्यांमध्ये साठाव्या वर्षी कोणताही एकाएकी चढ नाही. वयाच्या दर दहा वर्षांमागे जोखीम तिपटीहून अधिक होते, म्हणजेच साधारण सहा वर्षांत ती दुप्पट होते. ही वाढ तारुण्यातच सुरू झालेली असते. सुरुवातीचे आकडे लहान असल्यामुळे ती जाणवत नाही. साठीची रेषा निवृत्ती, सवलती आणि शासकीय योजना यांच्या सोयीसाठी आखलेली आहे. विषाणूच्या दृष्टीने ५८ आणि ६२ या वयांत फारसा फरक नाही, ६२ आणि ८२ या वयांत मात्र प्रचंड आहे. 'ज्येष्ठ नागरिक' या एकाच शब्दात हा फरक झाकला जातो.

प्रत्येक साथीचे गणित वेगळे

श्वसनाचे सर्वच साथीचे आजार वृद्धांना अधिक घातक ठरतात, असे मात्र नाही. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, जी मुंबई बंदरातून जून महिन्यात भारतात शिरली, वीस ते चाळीस या वयोगटातील धडधाकट माणसे मोठ्या संख्येने दगावली होती. याउलट २००३मध्ये आलेल्या सार्स या आजारात, जो करोनाच्याच कुळातील विषाणूमुळे होतो, वयाचा हाच चढता आलेख दिसला होता. त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मृत्यूचे प्रमाण २४ वर्षांपर्यंतच्या रुग्णांत एक टक्क्याहून कमी, तर ६५ वर्षांपुढील रुग्णांत ५० टक्क्यांहून अधिक होते.

वयाबरोबर शरीरात काय बदलते?

विषाणू शरीरात शिरल्यावर पहिले काही दिवस निर्णायक असतात. या काळात बाधित पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने स्रवतात आणि शेजारच्या पेशींना सावध करतात. उतारवयात हा इशारा उशिरा आणि क्षीण स्वरूपात दिला जातो. काही व्यक्तींच्या रक्तात तर स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळतात. अत्यवस्थ करोना रुग्णांपैकी सुमारे १० टक्के रुग्णांमध्ये ती असल्याचे २०२०मध्ये दिसून आले. सत्तरीनंतर अशा व्यक्तींचे प्रमाण झपाट्याने वाढते, हेही पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

संरक्षणाची दुसरी फळी टी पेशींची. छातीच्या पोकळीत असलेल्या थायमस ग्रंथीत या पेशी तयार होतात. ही ग्रंथी पौगंडावस्थेनंतर आक्रसत जाते आणि तिच्या जागी हळूहळू चरबी साठते. जुन्या, परिचित जंतूंशी लढणाऱ्या पेशी वृद्धांच्या शरीरात असतात. पूर्णपणे अपरिचित जंतूला ओळखू शकतील अशा ताज्या पेशींचा साठा मात्र घटलेला असतो. २०२०मध्ये हा विषाणू सर्वांनाच अपरिचित होता आणि या उणिवेचा फटका वृद्धांना सर्वाधिक बसला.

वयाबरोबर शरीरात एक मंद, कायमस्वरूपी दाहही सुरू असतो. करोनाच्या दुसऱ्या टप्प्यात विषाणूपेक्षा शरीराचा अनियंत्रित दाहच फुप्फुसांची अधिक हानी करतो. त्यामुळेच प्राणवायू द्यावा लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा लाभ होतो. सौम्य आजारात तो होत नाही. मधुमेही रुग्णाने ते स्वतःच्या मनाने घेतल्यास रक्तातील साखर बेसुमार वाढण्याचा धोका असतो.

याशिवाय छातीचा पिंजरा ताठर होतो, श्वसनाचे स्नायू दुबळे होतात, खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकद कमी होते. हृदय व मूत्रपिंडे यांची राखीव क्षमता घटते. तरुण शरीर काही दिवस प्राणवायूची कमतरता सोसते. वृद्ध शरीरात एक अवयव थकला की दुसऱ्यावर ताण येतो.

भारतातील चित्र

तमिळनाडू व आंध्र प्रदेश या राज्यांतील रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातील ३० लाखांहून अधिक व्यक्ती यांचा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेही निदान झालेल्यांमधील मृत्यूचे प्रमाण ५ ते १७ वर्षे वयोगटातील ०.०५ टक्क्यापासून ८५ वर्षांपुढील १६.६ टक्क्यांपर्यंत चढत गेले. परंतु श्रीमंत देशांत मृतांमध्ये अतिवृद्धांची संख्या मोठी होती, तर या राज्यांत मृत्यू ५० ते ६४ या वयोगटात एकवटलेले दिसले. याचे एक कारण लोकसंख्येच्या रचनेत आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील व्यक्ती ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होत्या. प्रत्येक व्यक्तीमागे जोखीम कमी असली, तरी पन्नाशीतील माणसांची संख्या मोठी आहे. शिवाय मधुमेह व रक्तदाब आपल्याकडे तुलनेने लवकर गाठतात आणि अनेकदा त्यांचे निदानही झालेले नसते. पन्नाशीतील माणूस बहुधा घरातील कमावता असतो, कामासाठी रोज बाहेर पडतो आणि 'हा म्हाताऱ्यांचा आजार' म्हणून लक्षणे अंगावर काढतो.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत तरुणांचे मृत्यू पाहून विषाणूने वयाचा नियम मोडला, अशी भावना झाली होती. प्रत्यक्षात दोन्ही लाटांमध्ये ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण चाळिशीपुढील असल्याचे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्या एप्रिलमध्ये सांगितले होते. संसर्गाची व्याप्तीच अफाट वाढल्याने प्रत्येक वयोगटातील मृतांचा आकडा फुगला. आलेखाचा चढ मात्र तसाच राहिला.

वृद्धांमधील फसवी लक्षणे

ताप, खोकला, धाप या नेहमीच्या खुणांची वाट पाहणे वृद्धांच्या बाबतीत धोक्याचे ठरते. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत दाखल झालेल्या ६५ वर्षांपुढील ८१७ करोना रुग्णांच्या अभ्यासात २८ टक्के रुग्णांना भ्रम झालेला आढळला. त्या भ्रमिष्ट रुग्णांपैकी ३७ टक्के जणांना ताप किंवा धाप यांसारखी नेहमीची लक्षणे नव्हती. अचानक असंबद्ध बोलणे, दिवसभर गुंगीत राहणे, जेवण तोडणे, तोल जाऊन पडणे हीच कित्येकदा पहिली सूचना असते. 'वयोमानानुसार चालायचेच' असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास मौल्यवान दिवस वाया जातात.

रक्तातील प्राणवायू घटूनही धाप न जाणवणे हे या आजाराचे आणखी एक वैशिष्ट्य. त्यासाठी ऑक्सिमीटरवर नोंद घेऊन सहा मिनिटे चालल्यानंतर पुन्हा नोंद घेण्याची चाचणी २०२१मध्ये महाराष्ट्रात बरीच प्रचलित झाली. साठीपुढील व्यक्तींसाठी तीन मिनिटे चालणे पुरेसे मानले गेले. विश्रांतीच्या स्थितीतील नोंद ९४च्या खाली गेल्यास किंवा चालल्यानंतर ती स्पष्टपणे घसरल्यास विनाविलंब डॉक्टरांना गाठणे आवश्यक ठरते.

केवळ वय हाच निकष?

मार्च २०२०मध्ये इटलीत अतिदक्षता विभाग अपुरे पडले, तेव्हा तेथील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने प्रवेशासाठी वयोमर्यादा घालावी लागण्याची शक्यता मांडली आणि जगभर वाद झाला. त्याच वर्षी ब्रिटन व इटलीतील १,५६४ रुग्णांच्या अभ्यासातून असे दिसले की, रुग्णाचे वय किंवा सोबतचे आजार यांपेक्षा आजारापूर्वीची त्याची शारीरिक दुर्बलता परिणामांचा अधिक चांगला अंदाज देते. स्वतःच्या पायांनी बाजारात जाणारी ८० वर्षांची व्यक्ती आणि अंथरुणाला खिळलेली ६८ वर्षांची व्यक्ती यांना केवळ जन्मवर्षावरून तोलता येत नाही. एप्रिल २०२०मध्ये केरळातील ९३ आणि ८८ वर्षांचे दाम्पत्य उपचारांनंतर बरे होऊन घरी परतले. लसीपूर्वीच्या काळातही ८५व्या वर्षी संसर्ग झालेल्या दर शंभरपैकी सुमारे ८५ जण वाचत होते, हेही त्याच आकडेवारीत दडलेले सत्य आहे.

लसीने काय बदलले?

भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. १ मार्चपासून साठीपुढील तसेच अन्य आजार असलेल्या ४५ वर्षांपुढील व्यक्तींना, १ एप्रिलपासून ४५ वर्षांपुढील सर्वांना आणि १ मेपासून १८ वर्षांपुढील सर्वांना ती खुली झाली. हा क्रम जोखमीच्या आलेखावरच बेतलेला होता.

हा क्रम न साधल्यास काय होते, हे हाँगकाँगमध्ये २०२२च्या आरंभी दिसले. तेथील ऐंशीपुढील बहुसंख्य व्यक्तींनी लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या नव्हत्या. सौम्य समजल्या गेलेल्या ओमायक्रॉनच्या लाटेत जानेवारी ते मार्च या काळात जे मृत्यू झाले, त्यांपैकी ९६ टक्के साठीपुढील व्यक्तींचे होते आणि त्यांतील ७० टक्के व्यक्तींनी लस घेतलेली नव्हती.

मे २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. लस आणि पूर्वीचे संसर्ग यांमुळे आज प्रत्येक वयातील जोखीम २०२०च्या तुलनेत पुष्कळ खाली आली आहे. आलेख खाली सरकला असला, तरी तो सपाट झालेला नाही. आजही गंभीर आजाराचा भार मुख्यतः वृद्धांवर आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांवर पडतो. विषाणूरोधक औषधे लक्षणे दिसल्यापासून पहिल्या पाच दिवसांत सुरू केल्यास उपयुक्त ठरतात. परंतु त्यांतील काहींची कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांशी प्रतिक्रिया होऊ शकते. म्हणून ज्येष्ठांच्या नेहमीच्या औषधांची यादी घरात तयार ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. पन्नाशीतील व्यक्तीने रक्तदाब व साखर नियमित तपासावी, घरात कोणालाही सर्दी-ताप असल्यास वृद्धांपासून अंतर राखावे आणि त्यांच्या वागण्यात अचानक झालेला बदल वयाच्या माथी न मारता तपासून घ्यावा.