मुक्त व्यापार, पण कोणासाठी?

साफ्टा करारावर 2004 साली इस्लामाबादला सह्या झाल्या. 2006 पासून दक्षिण आशियात जकाती उतरणार होत्या. प्रत्यक्षात दिल्लीची मर्जी चालली. पुलवामानंतर, फेब्रुवारी 2019 मध्ये, पाकिस्तानी मालावर 200 टक्के जकात बसली. त्यात खारीकही आली. सप्टेंबरात कांद्याची निर्यातबंदी, बांगलादेशात ओरड. डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा बंदी. चांदवडला शेतकरी महामार्गावर उतरले.

आणि आमच्या तुर्भ्यातला माथाडी? त्याला कोणी विचारले? त्याची मजुरी उचललेल्या पोत्यावर ठरते.

बाबासाहेबांनी 1923 मध्येच ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’त हिशेब मांडला होता : घसरत्या रुपयात निर्यातदार कमावतो ते मजुराच्या खिशातून, कारण भाव चढतात तशी मजुरी चढत नाही. शेजाऱ्यांशी पुढचे करार होतील तेव्हा हा हिशेब मांडणारा कामगारांचा माणूस बोलणीत बसवा. निर्यातदारांची माणसे तिथे आधीपासून आहेतच.