प्लीहेच्या धमनीचा फुगा: धोका कधी, उपचार कोणते?

पित्ताशयातील खड्यांसाठी किंवा मुतखड्यासाठी सीटी स्कॅन केला आणि रिपोर्टमध्ये मध्येच 'स्प्लेनिक आर्टरी अ‍ॅन्युरिझम' असे लिहून आले, तर घाबरून जाऊ नका. पण फाईल कपाटातही ठेवू नका. या आजाराचे निदान बहुतेक वेळा असेच योगायोगाने होते, कारण फुटेपर्यंत बहुतेकांना काहीच त्रास होत नाही.

पोटातील महाधमनीच्या शाखा यकृत, प्लीहा, आतडी यांना रक्त पुरवतात. शाखेची भिंत एखाद्या ठिकाणी कमकुवत होऊन फुगली की त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. हे फुगे दुर्मीळ आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्लीहेच्या धमनीवर असतात. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा सुमारे चौपट आढळतात. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया आणि यकृताच्या सिरोसिसमुळे पोर्टल शिरेतील दाब वाढलेले रुग्ण यांनी अधिक सावध राहावे.

सर्वांत मोठा धोका गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत असतो. तेव्हा फुगा फुटला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. पोटातील ही कळ वार सुटल्याची समजली जाऊ शकते. म्हणूनच पुढे मूल हवे असेल, तर फुगा लहान असला तरी आधी उपचार करून घ्यावेत, असा सल्ला दिला जातो. असा रिपोर्ट असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना तो आवर्जून दाखवा.

पोटाच्या वरच्या डाव्या बाजूला अचानक तीव्र कळ, डाव्या खांद्यात दुखणे, घाम, चक्कर, अंग पांढरे पडणे ही फुगा फुटल्याची लक्षणे आहेत. काही जणांमध्ये पहिला रक्तस्राव जठरामागच्या जागेत अडतो आणि रुग्णाला थोडे बरे वाटते. यालाच फसून लोक घरी थांबतात. काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी पुन्हा मोठा रक्तस्राव होतो. त्यामुळे दुखणे कमी झाले तरी लगेच 108 ला फोन करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या.

इतरांमध्ये फुगा 3 सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल, वाढत असेल किंवा दुखत असेल तर उपचार करतात. लहान असल्यास साधारण वर्षातून एकदा स्कॅन पुरतो. स्वादुपिंडाच्या सुजेनंतर तयार होणारा 'खोटा फुगा' मात्र कितीही लहान असला तरी थांबून चालत नाही.

आता बहुतेकदा पोट उघडावे लागत नाही. जांघेतील किंवा हातातील धमनीतून बारीक नळी नेऊन फुग्यात धातूची कॉइल भरतात किंवा आतून आच्छादित स्टेंट बसवतात. नंतर काही दिवस ताप आणि डाव्या कुशीत दुखणे संभवते. शस्त्रक्रियेत प्लीहा काढावी लागली, तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी घ्या. त्यानंतर कधीही ताप आला तर तो अंगावर न काढता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि प्लीहा काढल्याचे त्यांना सांगा.