मायच्या वयाचा हिशेब

माझ्या आजीला घरात सगळे 'माय'च म्हणत. मुलं, सुना, नातवंडं, गड्याची लेकरं, सगळ्यांची ती माय. मानवतच्या पंचक्रोशीतलं आमचं गाव, काळ्या रानाचं. त्या रानात तिची पंच्याहत्तर वर्षं गेली. पण ती जन्मली कधी, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिच्या माहेरी पोरींच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? विचारलं की म्हणायची, "पाऊस लई झाला होता म्हणं त्या साली. एवढंच ठावं हाय मला."

तरी तिच्याजवळ तिचं असं एक कॅलेंडर होतं. त्यात तारखा नव्हत्या. रझाकाराचं साल, हाली शिक्का बंद झाला ते साल, बहात्तरचा दुष्काळ, कॅनॉलला पाणी आलं ते साल. घरातलं कोणतंही लग्न, बाळंतपण, मरण ती या खुंट्यांना टांगून ठेवायची, आणि तिचा हिशेब सहसा चुकत नसे.

तिच्या वयाचा धागा सापडला तो एका पावतीत. आजोबांच्या वडलांनी शेतसारा भरल्याची जुनी पावती पत्र्याच्या पेटीत होती. उर्दूतली, कारण निजामाच्या राज्यात सरकारदरबारची भाषा उर्दू. साल फसली 1353. फसलीत 590 मिळवले की इसवी सन निघतो; म्हणजे 1943-44. माय म्हणाली, "ही पावती आली त्याच उन्हाळ्यात माझं लगीन झालं. मामंजीनं सारा भरला अन् उरल्या पैशात मला लुगडं घेतलं. वरीसभरानं न्हाण आलं." म्हणजे 1944 च्या उन्हाळ्यात ती बारा-तेरा वर्षांची. जन्म धरायचा 1931 च्या आसपास.

ते लुगडं हाली रुपयात घेतलेलं. निजामाचा तो रुपया. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला आपल्याकडं कलदार म्हणत. सहा कलदाराला सात हाली, असा साधारण भाव. मायला पाढे येत नव्हते, पण हा भाव म्हातारपणीही तोंडपाठ होता.

लग्नानंतरची पहिली वर्षं लेव्हीची. पिकलेल्या धान्यातला वाटा सरकारला सक्तीनं घालावा लागे. अशा वेळी पेव कामाला येई. जमिनीखालचं ते ज्वारीचं कोठार वरून शेणामातीनं लिंपलं की परक्याला पत्ता लागत नसे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा. विझला तर आतली हवा वाईट. हे शिकवताना ती दर वेळी सांगायची, "बापू, ज्वारी मिळंल परत. माणूस नाही मिळत."

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण परभणी निजामाच्याच ताब्यात राहिली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता, आणि दुसरीकडं कासीम रझवीच्या रझाकारांची दहशत. माझा थोरला चुलता तेव्हा अंगावर पीत होता. रझाकार आल्याची हूल उठली की बायका लेकरं घेऊन ज्वारीच्या फडात शिरत. "लेकरू रडू नये म्हून रातभर अंगाला लावून बसायचे. रझाकाराचं भेव होतंच, पन इच्चुकाड्याचं जास्त," असं माय सांगे. त्याच दिवसांत भूमिगत पोरं रात्री-बेरात्री मागच्या दारी येत. सासू दळायची, माय भाकरी थापायची. नाव कुणी विचारायचं नाही, दिवा मोठा करायचा नाही. 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 ला निजाम शरण आला.

पुढं लढलेल्यांना मानपत्रं मिळाली, निवृत्तिवेतन मिळालं, आणि ते योग्यच झालं. दगडाबाई शेळके यांच्यासारखी मोजकी बायांची नावं इतिहासात आली. पण भाकरी थापणाऱ्या हातांची नोंद कुठल्या रजिस्टरात करणार? एकदा मी तिला म्हणालो, "माय, तुझाबी अर्ज करायला पाहिजे होता." ती हसली. "भुकेल्याला भाकर घातली, त्याचा कागुद मागत असतेत का?"

बहात्तरात पेवं रिकामी पडली. तोवर आजोबा गेलेले. चाळिशीतली माय दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. जेवायला अमेरिकेची लाल मिलो आणि पोरांना सुकडी. मिलोची भाकरी थापली जात नसे, चिरायची. पण त्या दोन वर्षांत तिनं एकही एकर विकू दिला नाही. पाटल्या मोडल्या, बैल विकले, रान ठेवलं. आज आम्ही चौघं भाऊ ज्या जमिनीवर खातो ती त्या खडीतून वाचलेली आहे. पुढं जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं पाणी आलं. सगळे हरखले, ती मात्र बजावत राहिली, "काळ्या रानाला पानी बेतानं द्या, न्हाई तर चिबडंल." ऊस लावणाऱ्यांची काही रानं पुढं खरोखरच चिबडली.

एवढी ती हिशेबी, पण कागदानं तिला फसवलं. रेशनकार्ड करताना पन्नाशीतल्या मायकडं बघून कुणा लिहिणाऱ्यानं वय टाकलं चाळीस. रापलेली असली तरी ताठ होती, म्हणून असेल. तेच वय पुढं मतदारयादीत गेलं, तेच आधारकार्डावर: 1 जानेवारी 1941. तिला दरवर्षी फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला जायचं असे, आणि गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनाला. एसटीत तेव्हा पासष्टीनंतर अर्धं तिकीट असे. सत्तरीतली माय अर्धं मागायची, कंडक्टर कार्ड बघून पुरं फाडायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. माय मात्र अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायची, "रझाकारात माझ्या कडेवर लेकरू होतं रे बाबा! मग म्या काय सात वर्षाची आई होते का?" गाडी हसायची. पैसे मात्र पुरे द्यावे लागायचे.

2019 च्या पोळ्यानंतर चार दिवसांनी ती गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती, बैलांना पुरणाचा घास दिला का, हे तिनं विचारून घेतलं होतं. मृत्यूच्या दाखल्यावर वय आलं अठ्ठ्याहत्तर. आमच्या हिशेबानं अठ्ठ्याऐंशी. कागदात हरवलेली ती दहा वर्षं म्हणजे नेमकी तिचं लहानपण. आणि कागदावर विश्वास ठेवायचा तर भाकरी थापणारी ती बाई तेव्हा सात वर्षांची पोर होती.

दाखला आम्ही बदलून घेतला नाही, तसा पुरावाही सरकारला चालला नसता. पण फसली 1353 ची ती पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवली आहे. मागं चिठ्ठी लावली आहे: 'या वर्षी माय या घरात आली.'