कुतचा वेढा (१९१५-१६) आणि सहावी पुणे डिव्हिजन : अन्नटंचाईचा पुनर्विचार

प्रस्तावना
पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या भारतीय सैन्यात सहावी पुणे डिव्हिजन अग्रभागी होती. तिचे मुख्यालय पुण्यास होते. १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फंट्री, ११७ वी मराठा पलटण, तसेच खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्या तिच्यात समाविष्ट होत्या. टायग्रिस नदीच्या वळणावरील कुत-अल-अमारा येथे या डिव्हिजनने सुमारे पाच महिने वेढा सोसला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. भारतीय सैनिकांनी घोड्याचे मांस नाकारले, हे या शरणागतीचे एक कारण म्हणून वारंवार सांगितले जाते. ते कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी
नोव्हेंबर १९१४ मध्ये या डिव्हिजनने बसरा घेतले. अबादान येथील तेलशुद्धीकरण केंद्राचे संरक्षण हा मोहिमेचा मूळ हेतू होता. पुढे मात्र बगदादचे आकर्षण वाढले. मेजर जनरल टाउनशेंड यांच्या नेतृत्वाखालील सैन्याची नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोन येथे मोठी हानी झाली व ते कुतकडे परतले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांचा वेढा पूर्ण झाला. गावात सैन्याखेरीज सुमारे सहा हजार अरब रहिवासीही होते.

शिधा आणि हिशेब
आपल्याजवळ सुमारे दोन महिन्यांचा शिधा आहे, असे टाउनशेंड यांनी आरंभी कळविले. त्यामुळे सुटकेसाठी निघालेल्या जनरल एलमर यांना पुरेशी तयारी न होताच जानेवारी १९१६ मध्ये शेख साद, वादी व हन्ना येथे हल्ले करावे लागले. हन्नाच्या अपयशानंतर गावात झडती घेण्यात आली. तेव्हा धान्याचा मोठा साठा हाती आला आणि घोडे जमेस धरून आणखी ८४ दिवस तग धरता येईल, असे कळविण्यात आले. हीच झडती डिसेंबरमध्ये झाली असती, तर सुटकेच्या सैन्याला तयारीस अवधी मिळाला असता. नदीवरील बोटींची तीव्र टंचाई ही दुसरी अडचण होती. सुटकेच्या प्रयत्नांत एकूण सुमारे २३,००० सैनिक मृत वा जखमी झाले.

घोड्याच्या मांसाचा प्रश्न
ब्रिटिश सैनिकांना घोड्याचे मांस मिळू लागले, तेव्हा बहुसंख्य भारतीय सैनिकांनी ते नाकारले. भारतातील धर्मगुरूंची अनुमती मिळवूनही नकार त्वरित मावळला नाही. गावी परतल्यावर जातीबाहेर टाकले जाईल, मुलाबाळांची लग्ने जुळणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. धर्मगुरूंची अनुमती गावकीच्या निर्णयाची हमी देऊ शकत नव्हती. म्हणून या नकाराला केवळ धार्मिक हट्ट म्हणणे अपुरे ठरते. एप्रिलमध्ये अनेकांनी हे मांस स्वीकारले, तोपर्यंत भाजीपाल्याच्या अभावी स्कर्व्ही पसरला होता. याउलट आट्यामुळे भारतीय सैनिक बेरीबेरीपासून बव्हंशी बचावले. तो रोग ब्रिटिश सैनिकांत आढळला. आहारभेदाची किंमत दोघांनीही मोजली.

शरणागती आणि नंतर
एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांतून धान्य टाकण्यात आले. परंतु ते अपुरे पडले. सुमारे २७० टन रसद घेऊन निघालेली ‘जुलनार’ बोट २४ एप्रिलच्या रात्री तुर्कांच्या हाती लागली. पाच दिवसांनी सुमारे १३,००० जण युद्धकैदी झाले. रास-अल-ऐन येथील रेल्वेच्या कामावर अनेक भारतीय कैदी राबविले गेले व हजारो कैदी मृत्यू पावले. टाउनशेंड यांना मात्र इस्तंबूलनजीकच्या बेटावर सुखसोयींसह ठेवण्यात आले. मेसोपोटेमिया आयोगाच्या १९१७ च्या अहवालाने मोहिमेतील वाहतूक व वैद्यकीय व्यवस्थेवर कठोर ठपका ठेवला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

निष्कर्ष
नकारामुळे सैनिकांची शक्ती घटली, हे मान्य करावे लागते. परंतु चुकीचा अंदाज, उशिरा झालेली झडती आणि बोटींचा तुटवडा ही कारणे त्यापूर्वीची व अधिक निर्णायक होती. सैनिकाच्या श्रद्धेवर भर दिल्याने वरिष्ठांची जबाबदारी झाकली जाते. बसरा स्मारकावर सामान्य भारतीय शिपायांची नावे न कोरता केवळ संख्या नोंदविली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये अशी विषमता झाल्याचे मान्य करून क्षमा मागितली. संख्येमागील माणसे शोधण्यासाठी सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर व पुणे जिल्ह्यांतील गावोगावचे स्मृतिफलक आणि घरोघरची कागदपत्रे अभ्यासणे अगत्याचे आहे.